जुन्या टू-स्ट्रोक जेट स्कीची दुरुस्ती : टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत

वीस-पंचवीस वर्षांची, बराच काळ पडून राहिलेली टू-स्ट्रोक जेट स्की हाती आली की बहुतेक जण सर्वांत आधी कार्ब्युरेटर खोलतात, त्यात नवे किट (झिजणाऱ्या सुट्या भागांचा संच) टाकतात आणि इंजिन सुरू झाले की काम झाले असे धरून चालतात. इंजिन सुरू होतेही. परंतु पूर्ण थ्रॉटलवर थोडा वेळ पळवले की एखादा पिस्टन सीज होतो, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम होतो, आणि सगळा खर्च पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. कार्ब्युरेटर ज्या कारणाने तुंबला ते कारण टाकीत, नळ्यांत, पेट्रोलच्या कॉकमध्ये किंवा क्रँकच्या सीलमध्ये जसेच्या तसे राहिलेले असते. टू-स्ट्रोक इंजिनात आत येणारे पेट्रोल जळण्याचे काम तर करतेच, शिवाय पिस्टनचा माथा थंड ठेवण्याचेही काम करते. तेल पेट्रोलमध्येच मिसळून वापरले जात असेल, तर पेट्रोलबरोबर वंगणही कमी पडते. त्यामुळे टाकीच्या तळापासून सिलिंडरपर्यंतचा सगळा मार्ग एकच यंत्र आहे असे समजून कामाला हात घालावा, असे माझे ठाम मत आहे, आणि पुढील मजकूर त्याच क्रमाने लिहिला आहे.

हे विवेचन प्रामुख्याने १९९० च्या दशकातील आणि त्यानंतरच्या काही वर्षांतील दोन सिलिंडरच्या इंजिनांविषयी आहे : यामाहाचे ७०१ सीसी इंजिन, कावासाकीचे ७५०, सी-डूवरील रोटॅक्स ५८७, ७१७ आणि ७८७. यांपैकी बहुतेकांवर मिकुनी कंपनीचे सुपर बीएन जातीचे डायफ्रॅमचे (पातळ लवचिक पडद्यावर चालणारे) कार्ब्युरेटर असतात. कावासाकीच्या काही मॉडेलांवर केहिनचे कार्ब्युरेटर आढळतात; तेथे तत्त्व तेच राहते, सुटे भाग मात्र वेगळे असतात. आपल्या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल काम सुरू करण्यापूर्वीच मिळवावे, कारण जेटचे (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या भागांचे) क्रमांक, स्प्रिंग आणि स्क्रूचे फेरे मॉडेलगणिक बदलतात.

जागा आणि हंगाम

पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या जलक्रीडा बंद असतात, तेव्हा जून ते सप्टेंबर हे महिने या कामासाठी सोयीचे. त्या दिवसांत ठाणे आणि नवी मुंबईची दमट, खारी हवा मात्र उघड्या भागांची वैरी असते. जुलैत रात्रभर टेबलावर राहिलेल्या पोलादी स्प्रिंगवर सकाळी तांबूस डाग दिसतो. खोललेला प्रत्येक भाग पुसून, हलके तेल लावून, सिलिका जेलच्या पुडीसह झिपच्या पिशवीत ठेवावा आणि पिशवीवर तो कोणत्या कार्ब्युरेटरचा, पुढच्या की मागच्या, हे लिहावे.

सोसायटीच्या तळघरात किंवा पोडियमच्या पार्किंगमध्ये पेट्रोलचे काम कदापि करू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खाली बसते, कोपऱ्यात साचते आणि पंपाच्या मोटरच्या एका ठिणगीने पेट घेऊ शकते. वागळे इस्टेट, रबाळे, तुर्भे या भागांत दोन्ही बाजूंनी हवा खेळणारा गाळा काही आठवड्यांसाठी मिळाला तर उत्तम. तेथे लेथवाला, बोअरिंग करणारा आणि ॲल्युमिनियमचे टिग वेल्डिंग करणारा जवळच असतो, हा दुसरा लाभ. अग्निशामक हाताशी ठेवावा.

आधी इंजिन, मग किट

किट मागवण्यापूर्वी इंजिन त्या खर्चाच्या लायकीचे आहे का, ते पाहावे. दोन्ही प्लग काढावेत, त्यांच्या टोप्या इंजिनाच्या धातूशी जोडून अर्थ (विद्युत अर्थिंग) कराव्यात, बॅटरी पूर्ण चार्ज असावी आणि थ्रॉटल पूर्ण दाबून ठेवून कॉम्प्रेशन मोजावे. चांगल्या स्थितीतील यांपैकी बहुतेक इंजिने साधारण १३० ते १५० पीएसआय दाखवतात. आकडा १२० च्या खाली असेल किंवा दोन सिलिंडरांमध्ये १० टक्क्यांहून अधिक फरक असेल, तर हेड आणि सिलिंडर उतरवून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. दोन्ही आकडे कमी पण सारखे असतील, तर दुसऱ्या गेजने एकदा पडताळून घ्यावे; स्वस्त गेज बरेचदा कमी दाखवतात.

बोअरिंगची वेळ आलीच, तर आधी ओव्हरसाइझ पिस्टन हातात घ्यावा, मग सिलिंडर त्याला मोजून बोअर करावा. आधी बोअर आणि नंतर पिस्टनचा शोध हा क्रम महागात पडतो. मोटरसायकलच्या फोर-स्ट्रोक इंजिनांचीच सवय असलेल्या कारागिराला एक गोष्ट मुद्दाम सांगावी लागते : बोअर झाल्यावर पोर्टच्या धारदार कडा हलक्या हाताने गोलावून घ्यायच्या असतात. तसे न केल्यास रिंग त्या कडेला अडकते आणि तुटते.

कॉम्प्रेशन चांगले असले, तरी क्रँककेसची गळती तपासणे मी अनिवार्य मानतो. इनटेक आणि एक्झॉस्ट रबर व पट्टीने बंद करून, पल्सच्या नळीच्या (क्रँककेसमधील दाब कार्ब्युरेटरकडे नेणाऱ्या नळीच्या) तोंडातून ६ ते ८ पीएसआय हवा भरावी. मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त दाब उतरत असेल, तर साबणाचे पाणी लावून गळती शोधावी. क्रँकच्या टोकाचे ऑइल सील, इनटेकचे पॅकिंग आणि क्रँककेसचा सांधा ही नेहमीची ठिकाणे. गळक्या सीलमधून इंजिन जी हवा ओढते तिला कार्ब्युरेटरचा कोणताही स्क्रू पुरा पडत नाही. मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, आणि दोष मात्र कार्ब्युरेटरला दिला जातो.

टाकी, कॉक आणि नळ्या

टाकीतील जुने पेट्रोल हातपंपाने किंवा सायफनने काढून काचेच्या बरणीत रात्रभर ठेवावे. सकाळी तळाशी वेगळा थर दिसला, तर ते पाणी किंवा पाणी शोषलेले इथेनॉल असते. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. ठरावीक मर्यादेपलीकडे ते पाण्यासह पेट्रोलपासून विलग होऊन तळाशी बसते, आणि पेट्रोल खेचणारी नळीही तळाशीच असते. पेट्रोलमध्ये मिसळलेले टू-स्ट्रोक तेल मात्र वरच्याच थरात राहते. म्हणजे इंजिनाला मिळते ते बिनतेलाचे, पाणीमिश्रित द्रव्य. टाकी पूर्ण रिकामी करून थोड्या ताज्या पेट्रोलने विसळावी, तळ विजेरीने पाहावा आणि पिकअपची जाळी नवी घालावी.

टाकीत हवा घेणारी नळी आणि तिच्यातील एकदिशा झडप याकडे फारसे कोणी पाहत नाही. ही झडप चिकटली की पेट्रोल उपसले जाते तसतशी टाकीत निर्वात पोकळी तयार होते. यान पाच-दहा मिनिटे उत्तम चालते, मग गुदमरते, आणि टाकीचे झाकण उघडताच फुस्स आवाज होऊन पुन्हा चालू लागते. हे लक्षण दिसले, तर कार्ब्युरेटरला हात लावण्याचे कारण नाही. तोंडाने हलकी फुंकर मारून झडप एका दिशेने मोकळी आणि दुसऱ्या दिशेने बंद आहे याची खात्री करावी.

पेट्रोलचा कॉक, म्हणजे चालू-बंद-रिझर्व्हची चावी, खाऱ्या हवेत आतून पांढरी भुकटी धरतो आणि त्याचे ओ-रिंग आक्रसतात. सर्व नळ्या पेट्रोलने भरलेल्या असताना गळती दिसत नाही, परंतु खेचणीच्या बाजूला कॉक पेट्रोलबरोबर हवाही घेतो. तो साफ करण्यापेक्षा नवा बसवणे मला श्रेयस्कर वाटते. पाणी वेगळे करणाऱ्या फिल्टरच्या वाटीचे ओ-रिंगही त्याच वेळी बदलावे.

नळ्यांबाबत काटकसर करू नये. १९९० च्या दशकातील सी-डूवर राखाडी रंगाच्या पेट्रोलच्या नळ्या येत असत. कालांतराने त्यांच्या आतल्या थराचा हिरवट चिकट डिंक होतो आणि तो थेट कार्ब्युरेटरच्या आतील जाळीत जाऊन बसतो. अशी एकही नळी शिल्लक ठेवली, तर स्वच्छ केलेला कार्ब्युरेटर पुन्हा तुंबणारच. यान कोणतेही असो, पेट्रोलच्या सर्व नळ्या जुन्याच मापाच्या, इथेनॉल सोसणाऱ्या आणि शक्यतो आयएसओ ७८४० या सागरी मानकाच्या घ्याव्यात. दातेरी होज क्लिप नळीला कापते. स्टेनलेसची गुळगुळीत क्लिप वापरावी. रिटर्नच्या मार्गात, नळीत किंवा कार्ब्युरेटरच्या तोटीत, बारीक छिद्राचा एक अडसर असतो, तो जुन्या नळीबरोबर फेकला जाऊ नये. त्यावाचून पंपाने दिलेले पेट्रोल टाकीकडे मोकळे परतते आणि पूर्ण वेगात कार्ब्युरेटर उपाशी राहतो.

आता पेट्रोलविषयी. २०२५ पासून आपल्याकडील पंपांवर सर्वसाधारणपणे २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल मिळते, आणि ही इंजिने बेतली गेली तेव्हा हे मिश्रण नव्हते. निव्वळ पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते. २० टक्के मिश्रणाला सुमारे १३.५ पट पुरते. याचा सरळ अर्थ असा की, तेवढ्याच हवेसाठी कारखान्याच्या मापापेक्षा साधारण ९ टक्के अधिक इंधन द्यावे लागते. मूळ जेट आणि मूळ फेरे जसेच्या तसे ठेवले, तर पूर्णतः निर्दोष कार्ब्युरेटरसुद्धा आज पातळ मिश्रण देतो. म्हणून खाली जेथे मॅन्युअलचा आकडा म्हटला आहे, तो आरंभबिंदू समजावा.

कार्ब्युरेटर खोलणे

दोन्ही कार्ब्युरेटर जोडीनेच उतरवावेत आणि प्रत्येक नळीवर कागदी पट्टी लावून फोटो घ्यावेत. सुपर बीएनच्या एका अंगाला पेट्रोल पंप असतो. क्रँककेसमधील दाब प्रत्येक फेऱ्याला वरखाली होतो, तो पल्सच्या नळीतून येऊन पातळ डायफ्रॅम हलवतो आणि पेट्रोल पुढे ढकलले जाते. ही नळी जाड भिंतीची, आखूड आणि बिनभेगेची असलीच पाहिजे. मऊ नळी स्वतःच फुगते-आकसते आणि पंपापर्यंत जोर पोहोचत नाही. दुसऱ्या अंगाला रेग्युलेटरची कोठी असते, आणि खरे काम तेथे आहे.

या कार्ब्युरेटरचे फुलीच्या खाचेचे स्क्रू जपानी जेआयएस मापाचे असतात. नेहमीचा फिलिप्स त्यात जवळजवळ बसतो, आणि त्या 'जवळजवळ'मुळेच खाच गोल होते. जेआयएसचा स्क्रू ड्रायव्हर घ्यावा, स्क्रूच्या डोक्यावर त्याचा माथा हातोडीने हलकेच ठोकावा, मग जोराने दाबून एकाच झटक्यात फिरवावा. मिठाने पकडलेल्या स्क्रूला आदल्या रात्री भेदक तेल द्यावे. हट्टी स्क्रूसाठी हाताचा इम्पॅक्ट ड्रायव्हर चालतो, परंतु कार्ब्युरेटर लाकडावर टेकवून, कारण त्याची काया ठिसूळ ओतीव धातूची असते.

लो-स्पीड आणि हाय-स्पीड हे दोन्ही समायोजन स्क्रू काढण्यापूर्वी अलगद आत टेकेपर्यंत फिरवून फेरे मोजावेत आणि लिहून ठेवावेत. टेकल्यावर जोर देऊ नये. स्क्रूच्या सुईसारख्या टोकाला कंगोरा पडला तर तो निकामी झाला. स्क्रूखालची स्प्रिंग, वॉशर आणि इवले ओ-रिंग यांपैकी ओ-रिंग हमखास छिद्रातच चिकटून राहते. ते वाकवलेल्या पातळ तारेने काढावे.

रेग्युलेटरचे झाकण उघडल्यावर मोठा काळा डायफ्रॅम दिसतो. तो उजेडासमोर धरून ताणून पाहावा. ताठर झालेला, सुरकुतलेला किंवा टाचणीएवढे भोक असलेला डायफ्रॅम बाद. झाकणावरचे हवेचे सूक्ष्म छिद्र मोकळे आहे ना, तेही पाहावे. डायफ्रॅमखाली लिव्हर, त्याची पिन, स्प्रिंग, सुई आणि सीट (सुई जिच्यावर टेकून पेट्रोल बंद करते ती बैठक) असते. पिन धरणारा स्क्रू सोडवताना लिव्हर बोटाने दाबून धरावा, नाहीतर स्प्रिंग उडते. त्यानंतर दोन्ही जेट काढून त्यांवरील क्रमांक टिपून ठेवावेत. पंपाच्या बाजूची आतील बारीक जाळी काढण्यास विसरू नये. हिरवा डिंक आणि नळ्यांचा भुगा याच जाळीत सापडतो. काही जण ही जाळी कायमची काढून टाकतात, ते मला मुळीच मान्य नाही.

स्वच्छता

कार्ब्युरेटर क्लीनरचा स्प्रे मारण्यापूर्वी रबराचा आणि प्लास्टिकचा प्रत्येक तुकडा बाहेर निघाला आहे याची खातरजमा करावी, कारण तो द्रव त्यांना फुगवतो. डोळ्यांवर चष्मा अत्यावश्यक आहे : एका छिद्रात मारलेला फवारा कोठल्या छिद्रातून तोंडावर येईल सांगता येत नाही. जेटमध्ये पोलादी तार घालू नये. वायरमधील तांब्याचा एक मऊ तंतू किंवा नायलॉनचा केस पुरतो. अल्ट्रासॉनिक यंत्र मिळाले तर उत्तम, परंतु त्यानंतरही प्रत्येक मार्ग हवेने तपासावाच लागतो.

ही तपासणी घाईने उरकली की श्रम वाया जातात. लो-स्पीडच्या मार्गात नळीचे टोक घट्ट धरून फवारा मारावा आणि घशात, थ्रॉटलच्या गोल तबकडीच्या कडेजवळ पाहावे. तेथे सुईच्या अग्राएवढी काही छिद्रे ओळीने असतात. तबकडी किंचित उघडू लागते तेव्हा पेट्रोल याच छिद्रांतून येते. प्रत्येक छिद्रातून स्वतंत्र, सरळ धार निघाली पाहिजे. तीनपैकी दोनच धारा दिसल्या, तर यान आयडलवर व्यवस्थित चालेल, पूर्ण वेगातही चालेल, आणि बंदरातून निघताना थोडा थ्रॉटल दिला की अडखळेल. धार तिरकी पडत असेल, तर छिद्रात अजून मळी आहे.

थ्रॉटलची दांडी वरखाली हलते का पाहावे. हलत असेल तर तेथून हवा आत येते. तबकडीचे दोन छोटे स्क्रू सैल झाले तर थेट इंजिनात जातात. त्यांना हात लावलाच, तर थ्रेड लॉक लावूनच परत घट्ट करावेत.

जोडणी आणि पॉप-ऑफ

किटच्या बाबतीत माझा अनुभव स्पष्ट आहे : मिकुनीचे मूळ किट, मूळ सुई आणि मूळ सीट घ्यावी. नकली किटचा डायफ्रॅम दिसायला हुबेहूब असतो, पण हाताला जाड लागतो आणि इथेनॉलमध्ये लवकर ताठरतो. पंपातील पारदर्शक झडपा सपाट टेकलेल्या असाव्यात. कडेला कुरळी झालेली झडप पेट्रोल मागे सोडते. पॅकिंग आणि डायफ्रॅम कोणत्या क्रमाने बसतात, याचे खोलतानाचे फोटो आता उपयोगी पडतात.

सीटखाली नवे ओ-रिंग घालून सीट पूर्ण खाली बसवावी, सुई आणि स्प्रिंग ठेवून लिव्हर जोडावा. लिव्हरचे टोक शेजारच्या धातूच्या पृष्ठभागाशी समतल हवे. स्टीलची पट्टी आडवी ठेवून पाहावे. टोक वर राहिले तर डायफ्रॅम लिव्हरला सतत दाबून सुई उघडी ठेवतो आणि पेट्रोल वाहते. खाली गेले तर सुई पुरेशी उघडत नाही. समतल करण्यासाठी लिव्हर अगदी थोडा वाकवता येतो. स्प्रिंग मात्र ताणू वा कापू नये.

आता पॉप-ऑफ दाब मोजावा. रेग्युलेटरचा डायफ्रॅम न बसवता, रिटर्नची तोटी बंद करावी आणि पेट्रोलच्या तोटीला गेज असलेला हातपंप जोडावा. सुईवर हलक्या तेलाचे दोन-चार थेंब टाकावेत. कोरड्या सुईचा आकडा फसवा असतो. सावकाश दाब वाढवत गेले की एका क्षणी सुई उघडते आणि थेंबांचा तुषार उडतो. त्या क्षणीचा आकडा म्हणजे पॉप-ऑफ. चार-पाच वेळा तोच आकडा आला पाहिजे आणि दोन्ही कार्ब्युरेटर एकमेकांशी जुळले पाहिजेत. त्यानंतर दाब १० पीएसआयवर आणून किमान एक मिनिट थांबावे. काटा उतरू लागला, तर सुई, सीट किंवा सीटचे ओ-रिंग गळते आहे आणि थांबवलेल्या यानात पेट्रोल क्रँककेसमध्ये झिरपणार आहे.

आकडा मॅन्युअलपेक्षा वेगळा आल्यास बदल वेगळ्या ताकदीची स्प्रिंग घालून करावा. स्प्रिंग तीच ठेवून मोठ्या छिद्राची सीट घातली तर दाब कमी होतो. दाब फार कमी असेल तर आयडलच्या आसपास पेट्रोल अधिक येते. फार जास्त असेल तर थ्रॉटल देताक्षणी इंजिन क्षणभर दम खाते. साधारणपणे आयडलवर लो-स्पीड स्क्रू, तिथून एक-तृतीयांश थ्रॉटलपर्यंत पॉप-ऑफ आणि लो-स्पीड जेट, मधल्या टप्प्यात हाय-स्पीड जेट आणि तीन-चतुर्थांशच्या पुढे हाय-स्पीड स्क्रू प्रभावी असतो. हे टप्पे एकमेकांवर चढलेले असतात, परंतु दोष कोणत्या थ्रॉटलवर दिसतो हे नीट नोंदवले, तर शोध निम्मा संपतो.

दोन्ही तबकड्या एकदम उघडल्या आणि एकदम मिटल्या पाहिजेत. दोन्ही घशांत कडेला एकाच मापाच्या ड्रिल बिटची दांडी अडकवून जोडदांडा जुळवावा. पूर्ण थ्रॉटलवर दोन्ही तबकड्या हवेच्या प्रवाहाला समांतर होतात का, तेही पाहावे. फ्लेम अरेस्टर (कार्ब्युरेटरच्या तोंडावरची, ज्वाळा अडवणारी जाळी) मूळचाच बसवावा. त्याच्यावाचून आगीचा धोका आहेच, शिवाय हवा वाढून मिश्रण आणखी पातळ होते.

तेलाच्या पंपाबाबत मते भिन्न आहेत. मी सुस्थितीतील पंप ठेवतो, पण त्याच्या बारीक नळ्या न चुकता नव्या घालतो, त्यांतील हवेचा शेवटचा बुडबुडा काढतो आणि पंपाच्या लिव्हरवरील खुणा केबल ओढून जुळवून घेतो. पहिल्या टाकीत पंप चालू असतानाही पेट्रोलमध्ये ५० ला १ या प्रमाणात तेल मिसळावे. यामाहा आणि कावासाकीला टीसी-डब्ल्यू३ प्रतीचे तेल चालते. रोटॅक्सच्या, विशेषतः ७८७ सारख्या एक्झॉस्ट झडपा असलेल्या इंजिनांना एपीआय-टीसी प्रतीचे लागते.

पंप, वायरिंग, हल

पाणी मागे फेकणाऱ्या जेट पंपातील इम्पेलर (पंखा) आणि त्याभोवतीची वेअर रिंग यांमधील फट फिलर गेजने चहूबाजूंनी मोजावी. १ मिलिमीटरच्या जवळ गेली की इंजिन ओरडते पण यान सुटत नाही. आपल्या खाडीच्या पाण्यात बारीक गाळ असतो आणि तो ही रिंग घासून काढतो. दांड्याभोवती नायलॉनची दोरी गुंडाळली गेली आहे का पाहावे. पंपाच्या बेअरिंगमधील तेल किंवा ग्रीस दुधाळ दिसल्यास सील गेलेले आहे. विजेचे सगळे जोड उघडून, घासून, डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून बंद करावेत. १२ व्होल्टची बॅटरी नवीच घ्यावी. हलच्या (यानाच्या बाहेरील कवचाच्या) भेगा आणि पाणी उपसणाऱ्या बारीक नळ्या तपासाव्यात.

सुरू करणे आणि जुळवणे

सुरू करण्यापूर्वी बसण्याची सीट काढून इंजिनाची कोठी किमान दहा मिनिटे उघडी ठेवावी आणि पेट्रोलचा वास येतो का पाहावा. ट्रेलरवर होजचे पाणी जोडून चालवताना क्रम पाळावा : आधी इंजिन, मग पाणी, बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. उलट केल्यास एक्झॉस्टमध्ये साचलेले पाणी सिलिंडरमध्ये येते. पाण्याशिवाय पंधरा-वीस सेकंदांपेक्षा अधिक चालवू नये आणि ट्रेलरवर मोठा थ्रॉटल देऊ नये. बाजूची पाण्याची धार पडते का पाहावे. जुन्या यानांचे थंडाव्याचे मार्ग गाळाने आणि मिठाने भरलेले असतात.

खरे जुळवणे पाण्यातच होते, आणि कोठल्याही पाण्यात नव्हे. ऐरोली आणि वाशीच्या पुलांदरम्यान ठाणे खाडीच्या पश्चिम अंगाला २०१५ मध्ये घोषित झालेले फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये त्याला रामसर क्षेत्राचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जा मिळाला. चाचणीसाठी त्या बाजूला फिरकूही नये. यानाची नोंदणी आणि पाण्यात उतरवण्याची परवानगी यांची चौकशी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आधीच करावी. भरतीची वेळ पाहून निघावे, लाइफ जॅकेट आणि मनगटाची लॅनयार्ड (ओढली जाताच इंजिन बंद करणारी दोरी) घालावी आणि सोबत दुसरी होडी असावी.

हाय-स्पीड स्क्रू मॅन्युअलपेक्षा पाव ते अर्धा फेरा जास्त उघडून सुरुवात करावी. अधिक पेट्रोलने इंजिन थोडे जड चालते आणि धूर करते. त्याने काही बिघडत नाही. पहिल्या टाकीत सलग पूर्ण थ्रॉटल देऊ नये. त्यानंतर नवे प्लग घालून काही क्षण पूर्ण थ्रॉटलवर पळवावे, लॅनयार्ड ओढून इंजिन थेट बंद करावे आणि प्लग काढून पाहावेत. चिनीमातीच्या मुळाशी फिकट तपकिरी कडे हवे. पांढरेशुभ्र आणि चकचकीत दिसले तर ताबडतोब पेट्रोल वाढवावे. इथेनॉलमुळे प्लगचा रंग मुळातच फिका पडतो, त्यामुळे केवळ त्यावर न थांबता प्लगच्या छिद्रातून विजेरीने पिस्टनचा माथाही पाहावा. ट्रान्सफर पोर्टसमोरच्या कडांवर पेट्रोलने धुतलेले स्वच्छ ठिपके असावेत. ते नाहीसे होऊन माथा कडेपर्यंत कोरडा काळा किंवा करडा दिसत असेल, तर मिश्रण पातळ आहे. दोन्ही सिलिंडर वेगवेगळे पाहावेत, कारण सीज होतो तो बहुधा एकच. स्क्रू पूर्ण उघडूनही ठिपके येत नसतील, तर जेट एका क्रमांकाने मोठा घ्यावा. स्क्रू कमी करायचाच असेल, तर एका वेळी अष्टमांश फेरा, आणि प्रत्येक वेळी पुन्हा पाहणी.

प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने पाच मिनिटे इंजिन धुवावे, कोठीतील पाणी काढावे आणि सीट उघडी ठेवून वाळू द्यावे. पंधरवड्याहून अधिक काळ यान उभे राहणार असेल, तर टाकी रिकामी करावी, कार्ब्युरेटरमधील पेट्रोल संपेपर्यंत इंजिन पाणी जोडून चालवावे आणि प्लगच्या छिद्रांतून फॉगिंग तेल (आतील भाग गंजू न देणारे फवाऱ्याचे तेल) मारून, प्लगच्या टोप्या अर्थ केलेल्या स्थितीत, स्टार्टरने दोन-तीन फेरे फिरवून ठेवावे.